डब्यातले पांढरे बटण

सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी मुकादम खुर्चीवरच्या ढिगातून एक सदरा ओढून काढी. ढीग इस्त्री केलेल्या कपड्यांचाच होता, पण घडी कशालाच नव्हती. त्याचे सारे आयुष्य धुलाई कारखान्यात इस्त्रीच्या टेबलापाशी गेले होते. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, साहेबलोकांचे सदरे, काहीही द्या, त्याच्या हाताखालून कडक होऊन निघे. घडी मात्र बायको घालायची, कारखान्यातही आणि घरातही. इस्त्री त्याची, घडी तिची, अशी वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात झाली ती कायमची. ती यंदाच्या थंडीत गेली. तेव्हापासून कपडे खुर्चीवर साठत होते. घडी घालायला शिकणे काही अवघड नव्हते. पण त्याला ते शिकायचे नव्हते.

रेडिओ तो अजून बारीक आवाजात लावी. आतून तिची हाक आली तर ऐकू यावी, म्हणून लागलेली ती सवय होती. शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहते हे त्याला धड ठाऊक नव्हते. शेजाऱ्यांशी बोलायचे खाते तिच्याकडे होते.

त्या दिवशी मुलगा आणि सून त्याला न्यायला आली. ती दोघे पलीकडच्या गल्लीत राहत. मुलगा बापाच्याच हाताखाली इस्त्रीवर होता. सुनेने दारातूनच पाहिले आणि म्हणाली, "बाबा, बटणं एक घर चुकलीत."

"चुकू दे. मला कोण बघतंय?"

"अख्खी कोरडी बाजू बघणार आहे. आज सभा आहे. आठवण तुम्हीच सांगायची आहे."

मुकादमाने खाली पाहिले आणि एकेक बटण काढून पुन्हा लावायला घेतले. सभा आज आहे हे तो विसरला नव्हता. ती टळेल असे मात्र त्याला उगीच वाटत होते.

कारखान्याच्या मधोमध फरशीवर एक पिवळी रेघ होती. रेघेच्या एका अंगाला भट्ट्या आणि हौद. तिथे सोड्याची वाफ, डोळ्यांत जळजळ आणि पायाखाली कायम पाणी. दुसऱ्या अंगाला इस्त्री आणि घडी. तिथे खिडक्या, पंखे, कोरडी फरशी आणि जास्त पगार. ओल्या बाजूचे सगळे रंगाने काळे होते, दूरच्या मुलखातून आलेले, किंवा तशांच्या पोटी इथे जन्मलेले. कोरड्या बाजूचे सगळे उजळ. असे का, म्हणून कुणी विचारलेच तर कोरडीवरचे म्हणत, "पहिल्यापासून असंच आहे."

पहिल्यापासून तसे नव्हते. एके काळी दोन्ही बाजूंना कोरडीवरच्यांचेच आईबाप राबत होते. मग पगारासाठी मोठा संप झाला. मालकाने ट्रक भरून परक्या मुलखातली माणसे आणली आणि संप मोडला. जुन्या कामगारांना परत घेतले ते कोरड्या बाजूला, आणि नवे ओल्या बाजूला राहिले. मालकावरचा राग पुढे निवत गेला, कारण मालक पगार देत होता. ट्रकमधून उतरलेल्यांवरचा राग निवला नाही, कारण ते रोज रेघेपलीकडे दिसत होते.

कोरडीवरची जागा रिकामी झाली की त्याच घरात जायची. पुढे नियम आला, की ती जागा कुणालाही मागता यावी आणि कोरडीवरच्या कामगारांनी मत देऊन काय ते ठरवावे. तेव्हापासून दर वर्षी ओलीकडचे कुणीतरी जागा मागे आणि दर वर्षी मतदान होई. मतदान बटणांचे. धुण्यात कपड्यांची बटणे तुटतात, ती गोळा करून ठेवलेली असत. प्रत्येकाने एक काळे आणि एक पांढरे उचलायचे, पडद्यामागे जायचे, एक पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि दुसरे पिशवीत. पांढरे म्हणजे येऊ द्या. काळे म्हणजे नको. शेवटी डबा सगळ्यांदेखत टेबलावर पालथा होई. दर वर्षी त्या काळ्या ढिगात एक पांढरे बटण निघे. एकच.

ते कुणाचे, हे ठरवायला कोरडीवर कुणाला वेळ लागला नाही. घडीच्या टेबलावर एक जण होता, बाकीच्यांहून थोडा गडद. सगळे त्याला सावळ्या म्हणत. त्याच्या आईचे माहेर कुठले, हे कुणाला नीट माहीत नव्हते. एवढे पुरे झाले. "रक्त आहे, ते बोलणारच," असे लोक म्हणू लागले, आणि ते त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणू लागले.

चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोन टोकांना दोन माणसे लागतात. सावळ्याच्या चादरीचे दुसरे टोक धरायला कुणी येईना. मग त्याला टॉवेल आणि हातरुमाल दिले गेले. काम तुंबले की चादरीही त्याच्या टेबलावर पडत. तेव्हा तो एक टोक भिंतीच्या खुंटीला अडकवून घडी घाली. चहाच्या वेळी त्याचे बाक वेगळे. त्याच्या मुलीचे लग्न कोरडीवरच्याच एका घरात जमले होते, ते मोडले. मुलाच्या बापाने कारण सांगितले नाही. विचारायलाही कुणी गेले नाही.

यंदा रिकामी झालेली जागा मुकादमाच्या बायकोची होती. घरातून सुनेचे नाव दिलेले होते. ओलीकडून ती जागा भट्टीवर काम करणाऱ्या एका बाईने मागितली होती. सोड्याने तिच्या हातांची कातडी गेली होती. पाण्यात हात घालणे आता थांबव, असे डॉक्टरने तिला बजावले होते. कोरडीवर जागा मिळाली तर तिचे काम टिकणार होते, नाहीतर महिनाअखेरीला फाटकाबाहेर. घरात कमावणारी ती एकटी होती. हे सगळे अध्यक्षांनी सभेत वाचून दाखवले, पण नळाला पाणी कधी येणार हे सांगावे तशा सुरात. ओलीकडच्यांना सभेत यायला मनाई होती.

"आता आठवण," अध्यक्ष म्हणाले. "दर वर्षी वहिनी सांगायच्या. यंदा वहिनी नाहीत. पण आठवण थांबता कामा नये. मुकादम सांगतील."

मतदानाआधी संपाची आठवण सांगायची, ही कोरडीवरची जुनी रीत होती. ती ऐकायला घरची माणसेही येत. मुकादमाच्या बायकोने ती इतकी वर्षे सांगितली, कारण ती तिच्या घरात घडली होती. मुकादम उठला. त्याला सगळे पाठ होते.

"संपाचे दिवस होते," तो म्हणाला. "ती सात वर्षांची. धाकटा भाऊ दीड वर्षाचा. घरात दूध नाही, पैसे नाहीत, पोराला ताप. आई दुसरीकडे भांडी घासायला गेलेली. हिने पोराला कडेवर घेतलं आणि कारखान्याच्या फाटकाशी आली. आत कारखान्याचा डॉक्टर होता. पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. मग ट्रक आले. ट्रकसाठी फाटक उघडलं. हिला म्हणाले, बाजूला हो. ट्रकमधून एक बाई उतरली. तिच्याही कडेवर पोर होतं. दोघांचंही रडणं थांबलेलं होतं." इथे मुकादम थांबला. मग म्हणाला, "त्यांचं जगलं. आमचं गेलं."

मागच्या एका म्हातारीने डोळे पुसले. मग एकेक जण पडद्यामागे जाऊन आला. मुकादम गेला. मुलगा गेला. सावळ्या सगळ्यांत शेवटी गेला. तो जाताना दोघे एकमेकांना कोपराने ढोसून हसले.

अध्यक्षांनी डबा पालथा केला. बोटाने बटणे पसरली. पुन्हा एकदा पसरली. डब्यात डोकावून पाहिले.

"यंदा पांढरं नाही," ते म्हणाले.

क्षणभर कुणाचा विश्वास बसला नाही. मग टाळ्या पडल्या. त्या सुनेला मिळालेल्या जागेसाठी नव्हत्या. सगळ्यांच्या माना सावळ्याकडे वळल्या होत्या. एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आलास रे बाबा शेवटी माणसांत." दुसऱ्याने त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि त्याला मधल्या बाकावर सरकून जागा केली. सावळ्या हसला, पण ते हसू यायला थोडा वेळ लागला.

परत जाताना सून भरभर दोन पावले टाकून मुकादमाच्या बरोबरीला आली. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागवायला अंगात जोर लागतो. विचार."

"ते शेवटचं. त्यांचं जगलं, आमचं गेलं. आई तसं कधी म्हणाल्या नाहीत."

"म्हणायची की," मुलगा म्हणाला.

"नाही. दोघांचंही रडणं थांबलेलं होतं, इथे त्या थांबायच्या आणि खाली बसायच्या. मी दर वर्षी वाट बघायचे, आता पुढे काय म्हणतील म्हणून. पुढे काही नसायचंच."

"अर्थ तोच की," मुलगा म्हणाला. "तुला नोकरी लागली आणि तू शब्द मोजत बसलीस."

ते वाक्य आपण कुठून आणले, हे मुकादम आठवत होता. ते त्याला तिच्याच आवाजात ऐकू येत होते. पण तिला ते म्हणताना पाहिल्याचे मात्र आठवेना.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मुकादम घडीच्या टेबलाकडे गेला. बाकीचे बाहेर बाकांवर होते. सकाळी एका बाईने सावळ्याच्या चादरीचे टोक धरले होते, ते मुकादमाने लांबून पाहिले होते आणि त्याला बरे वाटले होते. सावळ्या आत एकटाच टॉवेलांच्या घड्या घालत होता. बाहेर बसायची त्याची सवय गेली होती.

"उशिरा का होईना, शहाणा झालास," मुकादम म्हणाला.

सावळ्याने हातातल्या टॉवेलची घडी करून तो ढिगावर ठेवला. "दादा, मी पहिल्या वर्षापासून शहाणाच आहे. मी पांढरं कधीच टाकलं नाही."

"आता कशाला ते? झालं गेलं."

"म्हणूनच सांगतोय. आता खोटं बोलून मला काय मिळणार? आजवर सांगत आलो, कुणी ऐकलं नाही. पडद्यामागे गेलो की माझा हात घामाने ओला व्हायचा. चुकून पांढरं पडू नये म्हणून दोनदोनदा बघायचो. सगळ्यांत काळं बटण कुणाचं असेल तर ते माझं."

"मग ते होतं कुणाचं?"

"तेच शोधत आलो इतकी वर्षं. एकेकाच्या तोंडाकडे बघायचो. ज्याचं होतं त्याचं यंदा मन फिरलं असेल. नाहीतर..." तो थांबला.

"नाहीतर काय?"

"नाहीतर यंदा ते माणूसच नसेल."

बाहेर कुणीतरी विनोद केला आणि हशा पिकला.

"सगळे चहाला गेले की वहिनी यायच्या इथे," सावळ्या हळू म्हणाला. "चादर खुंटीला अडकवलेली दिसली की टोक काढून हातात घ्यायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. घडी झाली की निघून जायच्या. मला वाटायचं, दया येते." त्याने पुढचा टॉवेल उचलला, पण तो तसाच हातात राहिला. "माझ्या पोरीचं मोडलं, त्या दिवशीही आली होती. टोक धरून उभी होती आणि डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, किती चांगली बाई आहे. चांगली होतीही. पण एक शब्द बोलली असती तर."

वहिनींचे बोलता बोलता 'ती' झाले होते. मुकादमाला ते जाणवले, पण त्याने टोकले नाही.

"भीत असेल रे," तो म्हणाला.

"मीही भीतच होतो, दादा. तिला भिऊन काही मिळालं तरी. मला तेही नाही."

"मी सांगतो सगळ्यांना."

"कशाला? आज कुठे माझ्या चादरीला कुणी हात लावलाय. चुकीच्या कारणाने का असेना, लावलाय. तुम्ही खरं सांगितलंत की यांना लाज वाटेल, आणि ज्याच्यामुळे लाज वाटते त्याच्याजवळ कुणी बसत नाही." त्याने टॉवेल ढिगावर टाकला. "तुमच्या घरचं तुम्ही बघा. फक्त माझं नाव घेऊ नका."

त्या संध्याकाळी मुकादमाने रेडिओ लावला नाही. तो खुर्चीसमोर पलंगावर बसून राहिला. मतदानाच्या दिवशी जेवताना आपण दर वर्षी काय म्हणायचो, ते त्याला शब्दासकट आठवले. "सावळ्याने यंदाही इमान राखलं हो ओलीकडच्यांशी." मग तो हसायचा, मुलगा हसायचा, आणि ती भाजी वाढायची. कधी म्हणायची, "जेवा, गार होतंय." त्याने तिला एकदाही विचारले नव्हते, तू काय टाकलंस? विचारायचे सुचलेच नाही. जिचा भाऊ फाटकावर गेला ती काय टाकणार, हे सगळ्या कारखान्याला माहीत होते. नवऱ्याला तर माहीत असणारच.

ती गेल्यावर लोक त्याला भेटायला आले, तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, मुकादम, तुम्ही एकटे पडलात. खरेच होते ते. पण ती जिवंत असताना याच घरात, याच ताटासमोर, किती एकटी होती, हे तिला कुणी विचारले नव्हते. तिने नवऱ्याला सांगितले नाही, कारण तो हसला असता. किंवा चिडला असता. तिसरे काही तो करील, असे तिला वाटले नसावे. रडू येईल असे त्याला वाटले, पण आले नाही. तो उठला आणि चपला घातल्या. मग कुठे जायचे ते न सुचून पुन्हा काढून ठेवल्या.

सकाळी तो पिवळी रेघ ओलांडून ओल्या बाजूला गेला. नोकरीत लागल्यापासून त्याने ती ओलांडली नव्हती. वाफेत त्याला आधी काही दिसेना.

"मुकादम, वाट चुकलात काय?" हौदावरचा एक जण म्हणाला. "इथे इस्त्री मोडते कपड्यांची."

भट्टीवाली शेवटच्या भट्टीपाशी होती. हातांना चिंध्या गुंडाळून ती लाकडी दांड्याने चादरी ढवळत होती. मुकादम तिच्या बाजूला उभा राहिला. पायताणात पाणी शिरले.

"तुम्हाला जागा मिळाली नाही," तो म्हणाला. "कुणीतरी येऊन सांगायला हवं, म्हणून आलो."

"ते परवाच कळलं. फाटकावरचा सांगतो आम्हाला. यंदा पांढरंही निघालं नाही म्हणे." तिने दांडा फिरवला. "जागा जायचीच होती. पण ते एक बटण गेलं त्याचं भट्टीवर सगळ्यांना वाईट वाटलं. इथे दर वर्षी पैजा लागायच्या, कोण असेल म्हणून."

"सावळ्यावर?"

"त्याच्यावर कोण लावणार? तो आमच्याकडे मान वळवूनसुद्धा बघत नाही. ज्याला तुम्ही आमच्यातला म्हणता, त्याला आमच्याकडे बघायची सगळ्यांत जास्त भीती."

"माझ्या बायकोचं होतं ते."

भट्टीवालीचा दांडा थांबला. "ज्यांचा भाऊ गेला संपात, त्या?"

"हो."

तिने दांडा भट्टीच्या काठाला टेकवला. मग म्हणाली, "त्यांच्यावर कुणीच पैज लावली नसती. आमच्याकडेही आठवण आहे, साहेब. माझ्या आजीला सांगितलं होतं, तिकडे काम आहे आणि माणसं नाहीत. संप आहे हे फाटकावर आल्यावर कळलं, ते दगड आले तेव्हा. तिच्या कपाळावर खोक होती. आम्ही पोरं ती खोक बघत मोठी झालो. आता निवडणूक कसलीही असो, तुमचा माणूस उभा असला की आमच्या घरातून एकही मत पडत नाही त्याला. तो कसाही असो. खोकच मत देते आमच्याकडे." तिने त्याच्याकडे सरळ पाहिले. "तुमच्या बाईंनी कसं काय वेगळं दिलं?"

"मला माहीत नाही," मुकादम म्हणाला. "मी विचारलं नाही कधी."

"आणि तुम्ही काय टाकलंत?"

वाफ दोघांच्या मधून जात होती. खोटे बोलला असता तर तिला कळले नसते.

"काळं," तो म्हणाला.

"यंदा?"

"यंदाही."

तिने मान हलवली. हातावरची सुटलेली चिंधी दातांनी ओढून घट्ट केली. "जा आता," ती म्हणाली. "पाय भिजतायत तुमचे."

शनिवारी पगार झाल्यावर कोरडीवरचे सगळे घडीच्या टेबलांपाशी जमत. त्या शनिवारी सून पहिल्यांदाच सासूच्या जागेवर बसलेली होती. अध्यक्ष उठून जायला निघाले, तेव्हा मुकादम म्हणाला, "थांबा. मला एक सांगायचं आहे."

सगळे थांबले. मुकादम बोलतो म्हणजे इस्त्रीच्या कामाचे काही असणार, असे त्यांना वाटले.

"दर वर्षी डब्यात जे पांढरं निघायचं, ते माझ्या बायकोचं होतं."

कुणी हसले नाही. मागून एक जण पुटपुटला, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या."

"बाबा, बसा खाली," मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"मुकादम," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. चार दिवस घरी विश्रांती घ्या."

"घरी विश्रांतीच चालू आहे," मुकादम म्हणाला. "तिच्या भावाची आठवण तुम्ही ऐकलीत आणि त्यावर मत दिलंत. तिनेही त्याच आठवणीवर मत दिलं. तिने दोन पोरं बघितली होती फाटकावर. आपण एकच बघितलं. परवा मी तिच्या तोंडी एक गोष्ट घातली, त्यांचं जगलं म्हणून. ते पोर जगलं की नाही, हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. ते मी परत घेतो."

"आई तसं म्हणत नव्हत्या," सून जागेवरून म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला. मुलाने तिच्याकडे रागाने पाहिले.

"ती गप्प राहिली, ही तिची चूक," मुकादम पुढे म्हणाला. "तिच्या गप्प राहण्याची किंमत दुसऱ्याने भरली. त्याचं नाव मी घेणार नाही. कोण कुणाशी कसं वागलं, ते ज्याने त्याने आठवावं. आठवणी काढायची आपल्याकडे रीतच आहे."

काही नजरा सावळ्याकडे गेल्या आणि लगेच दुसरीकडे वळल्या. सावळ्या फरशीकडे पाहत होता. त्याच्या शेजारची बाई थोडी सरकली. जवळ की लांब, ते नीट कळले नाही.

"झालं का?" अध्यक्षांचा आवाज आता मऊ नव्हता. "ठराव झालेला आहे. पुन्हा मतदान पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ती बाई कारखान्यात नसेल." मुकादमाने उजवा हात वर केला.

"हे काय आता?"

"मत. ती जागा भट्टीवालीला द्यावी, असं."

"मत डब्यात द्यायचं असतं."

"डब्यात दिलेलं मत कुणाच्या गळ्यात पडतं ते बघितलं आपण. माझं असं मोजा."

कुणी पुढे आले नाही. कुणी बाहेरही गेले नाही. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुनेचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तिने ते एकमेकांत घट्ट धरले होते. तिला आता मत होते. ते द्यायचे म्हणजे ज्या जागेवर ती बसली होती ती जागा सोडायची, आणि हे तिच्याइतके तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. वर धरून धरून मुकादमाचा हात भरून आला. म्हातारा हात होता, आणि तो एकटाच वर होता.

"मोजा," तो पुन्हा म्हणाला.

अध्यक्षांनी सगळीकडे पाहिले. कुणीतरी हसेल आणि हे संपेल, अशी ते वाट पाहत असावेत. कुणी हसले नाही.

"एक," ते शेवटी म्हणाले.

"आता नाव लिहा," मुकादम म्हणाला. "पुढे माझं नाव लिहा. नाहीतर उद्या ते पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात घालाल."